जाळीपासून जाळीपर्यंत

मराठी मध्यमवर्गीय घरात कोणी कुठे बसावे हे घरातल्या माणसांनी आजवर कधीच ठरवलेले नाही. ते आधी चुलीने ठरवले, मग रेडिओने, मग टेलिफोनच्या वायरीने, मग टीव्हीने, आणि हल्ली राउटर ठरवतो. वास्तुशास्त्रवाले आठ दिशा बघतात ते बघोत. आमच्या घरात दिशा दोनच : रेंज येते ती आणि रेंज येत नाही ती.

हे नीट कळायचे तर आमच्या घराचा भूगोल सांगायला हवा. आम्ही भिवंडीतले, नारपोलीचे. भिवंडी म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात : यंत्रमाग आणि गोदामे. (तिसरी आठवते ती रस्त्यांची, पण तो विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे.) इथे पूर्वी ज्याने घर बांधले त्याने ते मागाच्या हिशेबाने बांधले. पुढे माणसे, मागे माग. आमचे घर रस्त्याला चौदा फूट आणि आत बावन्न फूट, म्हणजे आगगाडीचा डबाच. पुढच्या दोन खोल्या विटांच्या. मधला जिना आणि वरचे दोन मजले नंतरचे, सिमेंट आणि सळ्यांचे. सगळ्यात मागे आजोबांनी घातलेली चार मागांची शेड. मागाचे हादरे राहत्या घरात येऊ नयेत म्हणून शेड आणि घर यांच्यामध्ये आजोबांनी दीड फूट जाडीची दगडी भिंत घातली. माग केव्हाच विकले गेले, शेडीची खोली झाली, भिंत मात्र राहिली. चार मागांना ज्या भिंतीने दाद दिली नाही ती वाय-फायला काय देणार?

त्या मागच्या खोलीत आई राहते. वय वर्षे शहाऐंशी. गुडघ्यांनी जिना चढायला केव्हाच नकार दिला आहे, म्हणून तळमजल्यावरची हीच खोली. आईची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, सोलापूरला. तीही एकोणऐंशीची. रोज दुपारी चार वाजता दोघींचा व्हिडिओ कॉल. आईच्या खोलीत मावशीचा चेहरा यायचा तो चौकोनी तुकड्यांत यायचा, आधी कपाळ, मग बऱ्याच वेळाने हनुवटी. म्हणून आईला धरून पुढच्या खोलीत आणायचे, खुर्चीवर बसवायचे आणि फोन हातात द्यायचा. तिथे आमची ही असते, घरून काम करणारा मुलगा असतो, सूनबाई असतात, आणि शाळेतून आलेली नात दप्तर आपटत असते. एवढ्या श्रोत्यांसमोर आई मावशीला सांगायची, "सगळं ठीक आहे गं." मावशीही तिकडून म्हणायची, "इकडेपण सगळं ठीक आहे, अक्का." आठ मिनिटांत कॉल संपायचा. सहा महिने हे चालले होते. शहाऐंशी वर्षांच्या बाईचे सलग सहा महिने सगळे ठीक असणे शक्य नाही, हे कोणालाही कळावे.

एके दिवशी आई म्हणाली, "मला माझ्या खोलीत बोलायचंय. दार लावून."

एवढ्या एका वाक्यावरून आमच्या घरात मेश वाय-फायची चर्चा सुरू झाली.

मेश म्हणजे जाळी. आणि जाळीचे म्हणाल तर ती आमच्या घराला नवी नाही. पहिली 1962 साली आली, रेडिओबरोबर. ज्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ पाहिले आहेत त्यांना आठवत असेल, तांब्याच्या बारीक तारांची विणलेली दोन बोटे रुंद पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधायचे. हीच एरियल. टोकांना चिनी मातीचे मणी, मधोमध थोडा झोल, लांबून तोरणासारखी दिसायची. पाहुणे आधी जाळीकडे बघत, मग रेडिओकडे. मुंबईचे नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. नारपोलीत आमच्या घरी त्याचा आवाज पोचायला पस्तीस वर्षे लागली. त्यानंतर रेंज उशिरा आली म्हणून आमच्या घराने कधी आदळआपट केलेली नाही.

रेडिओला परवाना लागत असे. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. यामागे 1885चा तार कायदा आणि 1933चा बिनतारी कायदा होता. बिनतारी यंत्र सरकारला न विचारता नुसते बाळगणे हासुद्धा गुन्हा. आमचे दादा ती पुस्तिका रेशनकार्डाच्या शेजारी ठेवत. रेडिओ अर्थातच पुढच्या खोलीत. बुधवारी रात्री आठला सिलोनवरून बिनाका गीतमाला लागली की मागवाले कामगार दारात उभे राहत, शेजारी ओट्यावर बसत, आम्ही मुले रेडिओच्या अगदी पायाशी. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून ऐकायची, हातात पीठ. तिला गाणी सगळी पाठ होती, पण ती बसून रेडिओ ऐकते आहे असे चित्र मला आठवत नाही. जाळी पुढच्या खोलीत होती.

मग टेलिफोनची पाळी. हा आमच्याकडे नव्हता, तो दोन घरे पलीकडे एका कारखान्याच्या ऑफिसात होता. सोलापूरला बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल. तो बुक करायचा आणि वाट बघत बसायचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या तीन जाती होत्या, आणि लाइटनिंग आला की घरात रडारड कॉल घेण्यापूर्वीच सुरू होई. 1974 साली आईची आई सोलापूरला गेली. कॉल त्या कारखान्यात आला. मालकांनी माणुसकी दाखवून चार माग बंद केले, पण बाकीचे वीस चालू होते. आईला काही ऐकू येईना. शेवटी मुनीमजींनी रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला आणि पलीकडून मावशी जे रडत सांगत होती ते मुनीमजी आईला ओरडून सांगू लागले. स्वतःची आई गेल्याची बातमी आईला अशी वीस मागांच्या खडखडाटात, एका परक्या गृहस्थाच्या तोंडून, भर ऑफिसात मिळाली. त्या दिवशी बहिणींचे एकमेकींशी एक वाक्यसुद्धा बोलणे झाले नाही.

लखनौ-कानपूरला 1960 सालीच थेट डायल करायची एसटीडी सुरू झाली होती, हे मला पुढे कुठेतरी वाचून कळले. आमच्या घरी फोन आला 1991मध्ये, नंबर लावल्यावर आठ वर्षांनी. तोही पुढच्या खोलीत, कारण वायर तिथवरच आली. त्यावर आईने विणलेला रुमाल आणि छोटे कुलूप. ठाणे इथून पंधरा-सोळा किलोमीटर. पण आपला कोड 02522, मुंबईचा 022, त्यामुळे मुंबईला लावलेला फोनसुद्धा घड्याळाकडे बघत बोलायचा. घड्याळ बघत बोलणाऱ्या माणसाला सुखदुःख सांगता येत नाही, फक्त गाडीची वेळ सांगता येते.

टीव्हीबद्दल फार लिहीत नाही, कारण गच्चीवर अँटिना फिरवणारा मुलगा आणि खालून "आलं! आलं! गेलं!" ओरडणारे कुटुंब महाराष्ट्रात घरोघरी होते. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972चे, वरळीचे. नारपोलीतल्या यच्चयावत अँटिना त्यामुळे नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या असत. रामायणाच्या वेळी (1987) पुढच्या खोलीत साठ माणसे मावली होती. आई चौकटीतच.

इंटरनेट देशात सर्वसामान्यांसाठी 15 ऑगस्ट 1995 रोजी आले. विदेश संचार निगमने ते दिले, आणि ते टेलिफोनच्या तारेतून यायचे. म्हणजे मुलगा इंटरनेटवर असला की फोन बंद, आणि फोन आला की इंटरनेट बंद. एका वायरीवर दोन सुना. पुढे ब्रॉडबँड आले, आता काचेच्या तंतूतून येते. पण डबा बसतो तो पुढच्या खोलीतच, जिथे 1962 साली जाळी होती त्याच्या बरोबर खाली. केबलवाल्याला विचारले की एवढी जागा सोडून इथेच का? तर म्हणाला, "काका, पॉइंट इथंच आहे ना." तिथे पॉइंट असण्याचे कारण दादांनी तिथे रेडिओ ठेवला होता हे आहे. इतिहास असा भिंतीत मुरलेला असतो.

आता या डब्यातून निघणाऱ्या लहरींविषयी. लहरी भिंतीतून जातात हे सिद्ध करायचा मान आपल्याच माणसाचा. 1895च्या सुमारास जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात भर सभेत अदृश्य लहरी सोडून भिंतीपलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. वाटेत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर बसले होते, लहरी त्यांच्याही देहातून पार गेल्या असे सांगतात. म्हणजे इंग्रज सरकारातून आरपार जाणे त्या काळीही शक्य होते. आजोबांच्या भिंतीचा प्रश्न वेगळा आहे.

तारेशिवाय संगणक एकमेकांशी बोलले ते 1971 साली, हवाई बेटांवर. नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक तिथे गेले होते ते समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याच्या ओढीने. जाता जाता त्यांनी रेडिओ लहरींवर एक जाळे उभारून टाकले. बेटाबेटांमधून तारा ओढणे परवडेना म्हणून त्यांनी नियम केला : ज्याला बोलायचे त्याने बोलावे, दोघे एकदम बोलले तर दोघांनीही गप्प बसून थोडा थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे. हा नियम आज घरोघरच्या राउटरमध्ये सुधारलेल्या रूपात आहे. आमच्या घरातल्या माणसांत तो अजून आलेला नाही.

अमेरिकेने 1985मध्ये लहरींचे काही पट्टे परवान्याविना वापरायला दिले. 1997मध्ये त्यावर 802.11 या नावाचे मानक ठरले. हे नाव घेऊन कोणी दुकानात जाणार नाही हे ओळखून 1999मध्ये नावे पाडणाऱ्या एका कंपनीकडून 'वाय-फाय' हे नाव करून घेतले. त्याचा अर्थ काही नाही. आपल्याकडे 1933चा कायदा जागाच होता. 2005च्या जानेवारीत केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा घरात आणि घराबाहेर परवान्याशिवाय मोकळा केला, आणि 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग थेट 2018च्या ऑक्टोबरात. दादा असते तर त्यांनी तरीही राउटरची पावती रेशनकार्डाजवळ ठेवली असती.

पण एकाच डब्याने सगळे घर कसे भरायचे? इथे जाळीची दुसरी गोष्ट सुरू होते, आणि ती नारपोलीपासून फार लांबची नाही. कल्याणला कर्जत लोकल पकडली की तिच्या शेवटच्या टोकाजवळचा मुलूख. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट नावाची वाडी आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत 2007मध्ये वीस-बावीस पोरांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटे यांचा हा 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' प्रकल्प. शंभर डॉलरांत देतो म्हणता म्हणता किंमत दोनशेच्या जवळ गेली, आणि आमच्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006मध्येच नको म्हणून सांगितले होते. तरी देशातला पहिला प्रयोग महाराष्ट्रात, खैराटला झाला.

त्या लॅपटॉपला सशासारखे दोन कान होते. ते वर केले की तो शेजारच्या लॅपटॉपशी बोलायचा, शेजारचा त्याच्या शेजारच्याशी. मधल्याने निरोप स्वतःसाठी ठेवायचा नाही, पुढे द्यायचा. मधला मिटून झोपला असला तरी त्याचा कान जागा राहील अशी त्याची रचना होती. मध्ये मुख्य डबा नको, खांब नको. पोरे जितकी पसरतील तितके जाळे पसरेल. वाडीवर लग्नाचे आमंत्रण पूर्वी असेच जात असे. या पद्धतीचे मानक 802.11s हे 2011मध्ये मंजूर झाले, आणि 2016मध्ये अमेरिकेत ईरो, गूगल वगैरेंनी घरासाठी दोन-तीन डब्यांचे संच काढले, तेव्हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत तीच गोष्ट नवा शोध म्हणून आली. खैराटची पोरे तोवर मोठी होऊन कामाला लागली असतील.

असो. तर मेश घ्यायचे ठरले आणि सल्लागार जमले.

केबलवाला म्हणाला, "काका, मेशबिश कशाला? एक रिपीटर लावतो, स्वस्तात." रिपीटर म्हणजे शाळेतला तो मुलगा, जो मास्तरांचे वाक्य संपल्यावर मागच्या बाकाला सांगतो. मागचे ऐकेपर्यंत पुढचे वाक्य चुकते. एकाच लहरीवर ऐकायचे आणि त्याच लहरीवर सांगायचे, त्यामुळे वेग साधारण अर्ध्यावर येतो. त्यातून त्याचे नाव वेगळे ठेवले तर आईने हॉलमधून खोलीत जाताना फोनमध्ये जाळे बदलायचे. आईला मी साडीचे दुकान बदलायला लावू शकलेलो नाही.

भाचा ठाण्याहून आला. तो संगणकातला. "मामा, वाय-फाय सेव्हन घे, ट्राय-बँड, तीनचा सेट. फ्यूचर-प्रूफ." शहाऐंशी वर्षांच्या बाईसाठी फ्यूचर-प्रूफ! त्याने खोके दाखवले, त्यावर लिहिले होते सहा हजार चौरस फूट. आमचे घर तीन मजले मिळून दोन हजारांच्या जरा वर. पण हे चौरस फूट अमेरिकेतले असतात. तिथली घरे लाकडी सांगाड्याची आणि मधल्या भिंती जिप्समच्या, ठोसा मारला तर हात पलीकडे जाईल अशा. इकडे सळई, सिमेंट, लोखंडी कपाट, आरसा आणि भिंतीतून जाणारे पाण्याचे नळ. लहरींना धातू परतवून लावतो आणि पाणी शोषून घेते.

खोक्यावरचा वेग हाही लग्नपत्रिकेसारखा प्रकार आहे, सगळ्या काका-मामांची नावे एकत्र. एएक्स 3000 असे लिहिलेले असते, ते म्हणजे एका पट्ट्याचे 574 आणि दुसऱ्याचे 2402, बेरीज 2976, आणि उरलेले चोवीस कंपनीच्या पदरचे. फोन साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर बसतो. आणि रस्त्यावरून घरात येणारे आमचे कनेक्शन मुळात शंभरचे. म्युनिसिपालटीचा नळ अर्ध्या इंचाचा आणि घरात टाकी विहिरीएवढी, तर पाणी किती येणार?

मग मी एका रविवारी फोन हातात घेऊन घरभर फिरलो आणि जिथे जिथे वेग पडतो तिथे खडूने फुल्या मारल्या. (आमच्या हिला वाटले वाळवी लागली.) 2.4च्या लहरीची लांबी बारा-साडेबारा सेंटिमीटर, ती दमत दमत का होईना भिंती ओलांडते. पाचची लहर निम्म्याहून छोटी, वेगाने चपळ, पण भिंत दिसली की माघारी. दोन्ही मजल्यांवर जिन्यातून बऱ्यापैकी पोचत होते. वर फुल्या दोन, आणि दगडी भिंतीपलीकडे मोजणे सोडून दिले.

म्हणजे प्रश्न घराचा नव्हता, एका भिंतीचा होता. मेशचे डबे आपापसांत बोलतात तेही लहरींवरच. दुसरा डबा रेंज नसलेल्या खोलीत ठेवला तर त्यालाच ऐकू येत नाही, तो आईला काय सांगणार? म्हणून तो अर्ध्या वाटेवर ठेवतात. आमच्याकडे अर्धी वाट म्हणजे भिंतीच्या अलीकडे, आणि तिथून पलीकडे पुन्हा तीच दीड फूट. महागड्या ट्राय-बँड संचात डब्याडब्यांच्या बोलण्यासाठी जो तिसरा पट्टा राखीव असतो तोही याच भिंतीवर डोके आपटणार. अशा वेळी उपाय एकच, दोन डब्यांमध्ये सरळ तार ओढायची. तार असली की तिसऱ्या पट्ट्याचे पैसे वाचतात. दोन पट्ट्यांचा साधा वाय-फाय सिक्सचा संच, डबे दोन, प्रत्येकाला मागे केबलची भोके आहेत ना एवढे बघायचे, आणि दोन्हींना इन्व्हर्टरचा पॉइंट. वीज गेली तर हे डबे फार खात नाहीत, पण उपाशी राहून चालतही नाहीत.

भाचा हिरमुसला. "मामा, वायरलेसला वायर?"

म्हटले, "भिवंडीत सुताशिवाय काहीच होत नाही रे."

संच मागवला. तो राहनाळच्या बाजूच्या एका गोदामातून निघाला, म्हणजे इथून रिक्षाच्या अंतरावरून. दोन दिवस तो फोनवर वेगवेगळ्या गावांतून जाताना दिसत होता. तिसऱ्या दिवशी पोचला तेव्हा आमच्यापेक्षा महाराष्ट्र त्याने जास्त पाहिला होता.

तार भिंतीतून न्यायची म्हणून ड्रिलवाल्याला बोलावले. त्याने भिंतीवर हात फिरवला, एकदा बोटाने वाजवून पाहिले आणि म्हणाला, "ह्याचं वेगळं पैसे पडतील." तेवढ्यात आई पलंगावरून म्हणाली, "मोटारीची वायर जायची ते भोक बुजवलं का?" कोणालाच आठवेना. कपाट सरकवले. जमिनीपासून हातभर उंचीवर, कोळिष्टकांनी भरलेले, चांगले अंगठ्याएवढे भोक. चार मागांना वीज नेणारी वायर याच्यातून जात होती. ड्रिलवाला चहा पिऊन गेला.

त्या भोकातून वीस मीटर निळी केबल ओवली. पहिला डबा पुढच्या खोलीत, दुसरा आईच्या पलंगाच्या पायथ्याशी, स्टुलावर. नाव दोन्हींचे एकच, पासवर्ड नातीने ठेवला आणि तो आम्हाला कोणाला सांगितला नाही, सगळ्यांच्या फोनमध्ये तिनेच घातला.

चार वाजले. आईने फोन उशीला टेकवून उभा केला. मावशी आली ती एकदम आख्खी आली, कपाळ-हनुवटी बरोबरच.

"अक्का! तुझी खोली दिसतीय की गं. पडदे नवीन केलेस?"

"थांब जरा," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "दार लावून घे."

मी दार लावले. कॉल एक तास दहा मिनिटे चालला. शेजारच्या शेडीत माग चालू होते, त्यामुळे बाहेर काही ऐकू येत नव्हते. आमची ही पाणी हवं का म्हणून विचारायला दोनदा दारापर्यंत गेली. दोन्ही वेळा आतून "नको" असे उत्तर आले.